पुढे पाठवण्याआधी थांबा



कृत्रिम बुद्धिमत्ता आणि माणसाचं स्वास्थ्य, असा आजचा विषय आहे. जळगावात बोलताना परदेशातली उदाहरणं कशाला? मला शेजारच्या धुळे जिल्ह्यातला राईनपाडा आठवतो.

१ जुलै २०१८, आठवडे बाजाराचा रविवार. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण साक्री तालुक्यातल्या या गावात भिक्षा मागायला आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज त्याआधीच व्हॉट्सॲपवरून घरोघरी पोहोचले होते. जमावाने त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं.

आपल्या लेकरांची काळजी कुणाला नसते? भीती खरी होती, बातमी खोटी होती. त्या काळात देशभर फिरलेल्या एका व्हिडिओत दोघं मोटारसायकलवरून मूल उचलून नेताना दिसायचे. मूळ फिल्म कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेली होती. मूल परत आणून सोडतात, तो भाग कुणीतरी कापून टाकला होता.

त्याच सुमारास मालेगावातही याच संशयावरून एका कुटुंबाला जमावाने घेरलं. त्यांच्यात दोन वर्षांचं मूलही होतं. तिथे मात्र स्थानिक माणसांनी त्यांना घरात आसरा दिला, पोलीस आले आणि जीव वाचले. अफवा तीच, संताप तोच. फरक एवढाच की कुणीतरी मध्ये उभं राहिलं आणि वेळ मिळाला.

नंतर कंपनीने काय केलं? भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, असं बंधन घातलं. एप्रिल २०२० पासून वारंवार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो. म्हणजे उपाय निघाला तो वेग कमी करण्याचा.

पण आता नुसती काटछाट राहिलेली नाही. कृत्रिम बुद्धिमत्ता हुबेहूब आवाज काढते, न घडलेला प्रसंग दाखवते. उद्या ओळखीच्या आवाजात, अहिराणीतून, "टोळी आपल्या गल्लीत शिरली" असं ऐकू आलं तर आपण काय करू? अशा वेळी संशय अनोळखी माणसावरच जातो. तो कधी भटका असतो, कधी परप्रांतीय, कधी दाढी-टोपीवाला. आणि आपल्या मोहल्ल्यातले ग्रुपही यातून सुटलेले नाहीत, हे आपण मान्य केलं पाहिजे.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. ज्या मेसेजने हात थरथरतो, तो लगेच पुढे पाठवू नका. मूळ कुठून आला ते विचारा. धोका खरा वाटला तर ११२ला फोन करा. ग्रुप चालवणाऱ्यांनी खोटा मेसेज नुसता पुसू नये, तो खोटा होता हे त्याच ग्रुपवर लिहावं. आणि भाकरी मागत दारात आलेल्या माणसाला आधी त्याचं गाव विचारावं.

यंत्र थांबणार नाही. थांबायचं आपल्यालाच आहे.