बिलाची बेरीज



आपल्या अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत टॉवेलांचा गठ्ठा मोजल्यावाचून कोणी उचलीत नाही. मग घरच्या इंटरनेटचे बिल न वाचता का भरावे? जाहिरातीत ४९९ रुपये असतात; १८ टक्के जीएसटी धरून ते सुमारे ५८९ होतात. वर्षाकाठी हजारावर रुपयांचा फरक! हा कर चुकत नाही. पण जोडणीचा आकार, पेटीचे भाडे, न मागितलेल्या वाहिन्या, ही भर विचारल्याशिवाय कळत नाही. म्हणून आधीच विचारावे, “सगळे धरून महिन्याला किती?” उत्तर लेखी घ्यावे. जादा रक्कम दिसल्यास कंपनीकडे तक्रार करून तिचा क्रमांक टिपून ठेवावा. दाद न लागल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला कळवावे. मुलांच्या वह्यापुस्तकांचा पैसा असा नकळत जाऊ देऊ नये, एवढीच माझी विनंती.