बक्षिसाच्या आखाड्यात मोठा गडी



जत्रेतला आखाडा तुम्ही पाहिलेला आहे. नामांकित पैलवान आत उतरला, तर नवख्या पोरांनी काय करायचे? आणि त्याला उतरूच दिले नाही, तर शेवटच्या कुस्तीला अर्थ काय उरला? पुस्तकांच्या आणि खेळांच्या बक्षिसांबाबत हाच प्रश्न निघतो. ज्या प्रकाशकाचा बाजारात दबदबा आहे, त्याला स्पर्धेत घ्यावे की नाही?

हा शहरातला वाद, आपल्याला त्याचे काय, असे म्हणू नका. मेढ्यासारख्या गावी शाळेसाठी पुस्तके निवडणारे गुरुजी प्रत्येक पुस्तक आधी वाचू शकत नाहीत. ‘पुरस्कारप्राप्त’ ही अक्षरे पाहून यादी होते. बक्षीस चुकले, की पोरांच्या हाती पडणारे पुस्तकही चुकते.

मोठ्यांना वगळा म्हणणाऱ्यांची बाजू खोटी नाही. मोठ्या संस्थेजवळ जाहिरातीला पैसा असतो, गावोगाव विक्रेते असतात. तालुक्याच्या गावी पदरमोड करून पुस्तक काढणाऱ्याने तिथे टिकावे कसे? पण वगळले तर शिक्षा कोणाला? लेखकाला! त्याने इमानाने लिहिले, आणि केवळ प्रकाशक मोठा म्हणून पुस्तक दाराबाहेर. शिवाय लहानाला बक्षीस मिळाले, तरी लोक म्हणणार, ‘मोठे नव्हते, म्हणून मिळाले.’

मग वाट कोणती? कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, ते बँटमवेट गटात. त्यासाठी जड पैलवानांना कोणी घरी धाडले नव्हते. वजनाप्रमाणे गट पाडले होते.

राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत अशीच सोय आहे. काव्यासाठी केशवसुतांच्या नावाचा पुरस्कार आहे, तर पहिलाच संग्रह काढणाऱ्या कवीसाठी बहिणाबाई चौधरींच्या नावाचा वेगळा. प्रकाशनसंस्थेचा गौरव श्री. पु. भागवतांच्या नावाने स्वतंत्रपणे होतो. पुस्तकाचे माप पुस्तकाला, संस्थेचे संस्थेला! जर्मनीत आपल्या सारीपाटासारख्या, घरी बसून खेळायच्या खेळांना १९७९ पासून बक्षीस देतात. तेही खेळाला, कंपनीला नव्हे. आणि २००१ पासून मुलांच्या खेळांसाठी निराळे.

मात्र गट पाडले म्हणजे सगळे झाले, असे नाही. स्पर्धेत उतरायला पैसे घेऊ नयेत. परीक्षकांसाठी लागणाऱ्या प्रती संयोजकांनी विकत घ्याव्यात. प्रकाशकाशी ज्याचे लागेबांधे, त्या परीक्षकाने त्या वेळेपुरते उठून जावे. आणि जिथे निकाल लोकांच्या मतांवर लागतो, तिथे ज्याची गिऱ्हाइके जास्त त्याचीच मते जास्त. अशा ठिकाणी मोठ्याने आपण होऊन बाजूला उभे राहावे, त्यातच त्याची शोभा आहे.

शिक्षक मित्रहो, तुमच्या हातीही काही आहे. ‘पुरस्कारप्राप्त’ असे वाचलेत, की विचारा: कोणी दिला, कोणत्या गटात दिला, निवड कोणी केली? आणि यादीत चार जागा बक्षीस न मिळालेल्या पुस्तकांसाठी राखून ठेवा. मेढ्यापासून भिलार काही फार लांब नाही. २०१७ पासून ते पुस्तकांचे गाव झाले आहे. पोरांना एकदा तिथे न्या आणि हवे ते पुस्तक उचलू द्या. पोरगे पुस्तक उचलते ते प्रकाशकाचे नाव पाहून नव्हे. परीक्षकांनीही त्याच नजरेने पुस्तक हाती घ्यावे, एवढेच आपले मागणे.