वसाहतीचे नियम आणि शेजारधर्म

(ज्ञातिसंस्थेच्या अकोला येथील वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपल्या कार्यकारी मंडळाने मला आज या व्यासपीठावर बोलण्याची संधी दिली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी केवळ मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक. कायद्याचा पंडित नव्हे, की नगररचनेचा तज्ज्ञही नव्हे. तथापि अमरावतीच्या एका वसाहतीत माझी तीन तपे गेली आणि तेथील गृहनिर्माण संस्थेचा सहा वर्षे मी अध्यक्ष होतो. त्या सहा वर्षांत माझ्या हातून काही बरे झाले, काही वाईटही झाले. या विषयावर बोलण्याचा मला काही अधिकार असेल, तर तो त्या वाइटातून शिकल्यामुळेच आहे.

अकोल्याच्या आसपास जमीन घेऊन समाजबांधवांची एक वसाहत उभारावी, असा विचार मंडळापुढे आहे. तिच्या नियमांचा कच्चा मसुदा मला वाचावयास देण्यात आला. पाणी, नाली, दिवे व रस्ते यांविषयीचे नियम वाचून समाधान वाटले. तीन नियमांपाशी मात्र माझे बोट अडले. पहिला नियम असा की, सर्व घरांचा दर्शनी रंग एकच असावा. दुसरा असा की, घराच्या दर्शनी बाजूस टिनाचे छप्पर, वाळवण, जनावर अथवा घरगुती उद्योग दिसता कामा नये. आणि तिसरा असा की, घर अथवा भूखंड ज्ञातीबाहेरील व्यक्तीस विकता येणार नाही, भाड्यानेही देता येणार नाही. या तीन नियमांविषयीच मी आज बोलणार आहे.

आपल्या वऱ्हाडातील जुन्या गावांत घराच्या शोभेचे लेखी नियम नव्हते. कवेलूची घरे, पांढऱ्या मातीच्या भिंती, खाली गेरूचा पट्टा, दारात सडा आणि ओट्यावर सारवण, हे सारे रूढीने चालत असे. परंतु त्या काळाचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता येत नाही. कोणी कोणत्या दिशेला घर बांधावे, कोणत्या विहिरीचे पाणी भरावे, हेही तीच रूढी ठरवीत असे. आणि ती मोडणाऱ्यास दाद मागण्याची सोय नव्हती. लेखी नियमाचा मोठा गुण हा की, तो वाचता येतो, त्यावर प्रश्न विचारता येतो आणि सभेत तो बदलता येतो.

सहकाराचा पहिला कायदा आपल्या देशात १९०४ साली झाला, तो पतसंस्थांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने इतर प्रकारच्या सहकारी संस्थांना वाट मोकळी झाली. १९१५ साली मुंबईत गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. या कार्याचे अध्वर्यू रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तालमकी यांनी त्याआधी १९०६ साली शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था काढली होती. म्हणजे आपल्याकडील गृहसहकाराचा आरंभच एका ज्ञातीच्या पुढाकाराने झाला, हे आपण अभिमानाने सांगू शकतो. परंतु त्या पुढाकाराचे मूळ गरजेत होते. परगावाहून मुंबईस नोकरीसाठी आलेल्या सामान्य कुटुंबांना परवडेल असे घर मिळत नव्हते, ते मिळवून देणे हा त्याचा हेतू होता. गरजेपोटी एकत्र येणे निराळे आणि दुसऱ्यास दूर ठेवण्यासाठी एकत्र येणे निराळे.

आज आपल्या राज्यात महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० लागू आहे. २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी त्यात एक स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. या कायद्याच्या ७२ व्या कलमाप्रमाणे संस्थेचा अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा आहे. अध्यक्षाचा नव्हे आणि समितीचाही नव्हे. निबंधकाकडे नोंद झाल्यावाचून कोणताही पोटनियम अमलात येत नाही. सभासद व संस्था यांच्यातील वाद ९१ व्या कलमान्वये सहकार न्यायालयापुढे जातो. बांधकामाच्या परवानगीचा विषय याहून वेगळा. तो १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली येतो व अकोला, अमरावतीसारख्या शहरांत तो महानगरपालिकेकडे असतो. यास्तव संस्थेने संमती दिली म्हणून बेकायदा बांधकाम कायदेशीर ठरत नाही; आणि समितीस एखादे बांधकाम खुपले, म्हणून तिने पहार घेऊन ते पाडावे, असेही होत नाही.

आता माझी हकिगत सांगतो. आमच्या वसाहतीत एक विधवा भगिनी राहत असे. घरासमोर टिनाचे एक छप्पर घालून त्याखाली ती पापड, कुरडया व सांडग्या करी आणि त्यांवर दोन मुलांचे शिक्षण चालवी. सभेत तक्रार आली की, त्या छपरामुळे वसाहतीची शोभा जाते. 'दर्शनी बाजू स्वच्छ व सुशोभित ठेवावी' असा एक नियम आमच्याकडे होता. त्याचा आधार घेऊन मी तिला तीन नोटिसा पाठविल्या. तिसऱ्या नोटिशीनंतर ती माझ्या ओट्यावर आली आणि इतकेच म्हणाली, "गुरुजी, छप्पर काढतो मी. पण पापड वाळवाले एखादी जागा तं सांगा." माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी नियमाचा क्रमांक सांगितला. तिने छप्पर काढले. पुढच्या वर्षी घर विकून ती दर्यापूरकडे भावाच्या आश्रयास गेली.

त्याच सुमारास आमच्या एका संपन्न सभासदाने मोटार आत घेण्यासाठी नालीवर फरशीचा सुंदर उतार बांधला. नाली त्याखाली दबली. आषाढातील एका पावसात तीन घरांत गुडघाभर पाणी शिरले. त्या सभासदास मी नोटीस पाठविली नाही. फरशी देखणी होती, आणि वसाहतीच्या कमानीस त्यांनी देणगी दिली होती. बंधूंनो, त्या वर्षीचे कार्यवृत्त मी स्वहस्ते लिहिले आहे. त्यात छपराची नोंद आहे, नालीची नाही. नियम डोळ्यांना काय दिसते यावर बेतला आणि राबविणाऱ्याने माणूस पाहून राबविला, म्हणजे काय घडते, हे मी परक्याच्या उदाहरणावरून सांगत नाही.

या अनुभवानंतर कोणताही नियम करताना तीन प्रश्न विचारावेत, अशा मतास मी आलो आहे. या गोष्टीने शेजाऱ्याचे पाणी, वाट, उजेड, झोप अथवा आरोग्य बाधित होते काय? नियम धनिकास व गरिबास सारखाच लागू होईल काय? आणि ज्यास आपण 'हे करू नका' असे सांगतो, त्यास 'मग हे कोठे करावे' याचे उत्तर आपल्याजवळ आहे काय?

या तीन प्रश्नांवर आपला पहिला नियम तपासून पाहा. शेजाऱ्याच्या भिंतीचा रंग पिवळा असला, तर माझे काय बिघडते? उलट सेवानिवृत्ताने अथवा शेतीचे उत्पन्न बुडालेल्या सभासदाने केवळ एकसारखेपणासाठी घर रंगविण्याचा खर्च करावा, हा भुर्दंड खरा आहे. रंगाचा नियम करावयाचाच, तर तो छताचा करा. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्याही पुढे जातो. गच्चीवर चुन्याचा पांढरा हात दिला, तर घर थंड राहते, हे आपण सारे जाणतो. त्या उन्हात दारापुढे हिरवी जाळी बांधावी लागते, खिडकीस कूलर लावावा लागतो. ही दृश्ये चित्रात शोभणार नाहीत, परंतु वऱ्हाडात त्यांच्यावाचून गत्यंतर नाही. कूलरची घोडी रस्त्यावर येऊ नये, त्याचे पाणी साचून डास होऊ नयेत, असा नियम अवश्य असावा. कूलर दिसू नये, असा नसावा.

हा प्रश्न आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत घरमालकांच्या संघांचे मोठे जाळे आहे. अंगणातील हिरवळ किती वाढू द्यावी, टपालपेटी कशी असावी, भिंतीस कोणता रंग द्यावा, हे संघ ठरवितात. आणि वर्गणी थकली, तर कित्येक राज्यांत घरावर टाच आणण्यापर्यंत त्यांची मजल जाते. तेथील वसाहती नेटक्या दिसतात, यात शंका नाही. परंतु आपल्या दारात आपण संकोचाने वावरावे, अशी शोभा आपणास हवी आहे काय?

स्वच्छतेविषयी बोलावयाचे, तर आपणास दूर जावयास नको. संत गाडगे महाराज आपल्याच अमरावती जिल्ह्यातले. १८७६ साली जन्म, १९५६ साली वलगावनजीक देहावसान. गावात आले की ते आधी खराटा हाती घेत आणि रात्री कीर्तन करीत. स्वच्छता त्यांनी नोटिशीने शिकविली नाही. पुढे २००० साली शासनाने त्यांच्या नावे ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. मी अध्यक्ष असताना एकदाही खराटा हाती घेतला नाही, फक्त लेखणी घेतली, ही खंत मला आज वाटते.

आता तिसरा नियम. येथे काही मंडळींस माझे बोलणे कडू वाटेल, तरी ते ऐकून घ्यावे, ही प्रार्थना. हा नियम कायद्यात बसतो काय? बसू शकतो. अहमदाबादेतील पारशी मंडळींच्या एका गृहनिर्माण संस्थेचा असाच पोटनियम होता. तेथील एका सभासदास आपली जागा बाहेरच्यास द्यावयाची होती. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००५ साली न्यायालयाने तो पोटनियम ग्राह्य मानला. उलट अमेरिकेत गोऱ्यांखेरीज इतरांस घर विकू नये, अशा करारांची अंमलबजावणी न्यायालये करणार नाहीत, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९४८ सालीच दिला होता. कायदा आपणास मोकळीक देतो, एवढ्यावरून ती आपण घ्यावीच, असे ठरत नाही.

आपल्यापैकी कित्येकांना शहरात भाड्याची खोली शोधताना प्रथम आडनाव विचारले गेले आहे. खोली रिकामी असूनही 'नाही' हे उत्तर ऐकून आपण जिना उतरलो आहोत. तोच प्रश्न उद्या आपण आपल्या दारात दुसऱ्यास विचारणार काय? दुसरे असे की, आपली एखादी कन्या ज्ञातीबाहेर विवाह करील. बापाचे घर तिच्याकडे आले, तर तिचा पती तेथे कोणत्या नात्याने राहील? आणि एखाद्या सभासदावर आजारपण अथवा कर्ज ओढवून घर विकण्याची पाळी आली, तर ज्ञातीतीलच गिऱ्हाईक पाहावे लागेल, आणि अडलेल्यास ते पडत्या भावाने मागेल. ज्यांच्या रक्षणासाठी हा नियम केला, त्यांच्याच गळ्यात तो अडकेल.

२०२० साली महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. जुन्या पाट्या उतरविण्याचा निर्णय झाला असताना आपण वेशीवर नवी पाटी लावावी, हे मला रुचत नाही. अमरावतीस जुना परकोट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पेंढाऱ्यांच्या भयाने तो बांधला गेला. पेंढारी केव्हाच गेले, आणि शहर परकोटाबाहेर कितीतरी पसरले. आज आपण भिंत घालू, ती कोणाच्या भयाने?

यास्तव माझ्या तीन सूचना आहेत. रंगाचा नियम गाळावा. दर्शनी बाजूच्या नियमाऐवजी नाली, वाट, आग व दुर्गंधी यांविषयी स्पष्ट नियम करावा, आणि त्याची पहिली नोटीस पदाधिकाऱ्यांच्या घरास लागू शकेल, इतका तो रोखठोक असावा. पहिल्या वाटपात समाजातील गरजू कुटुंबांस अग्रक्रम द्यावा. परंतु पुढील विक्रीस व भाड्यास ज्ञातीची अट असू नये. या सूचना सर्वसाधारण सभेपुढे ठेवाव्यात आणि सभेने मोकळेपणाने निर्णय करावा. निर्णय माझ्या मताविरुद्ध गेला, तरी मी तो मानीन; मात्र माझा विरोध कार्यवृत्तात लिहिला जावा, एवढा आग्रह धरीन.

शेवटी एक विनंती. वसाहतीच्या नकाशात मोकळी जागा सोडावीच लागेल. तिच्या एका कडेस, उन्हाच्या बाजूने, फरशीचा एक मोठा ओटा असावा. तेथे कोणीही पापड वाळवावेत, कुरडया घालाव्यात. त्या भगिनीने माझ्या दारात उभे राहून जागा विचारली होती. तिला मी ती दाखवू शकलो नाही. आपल्या नकाशावर ती असावी.