अनाथ बालकांचे दिवसघर आणि आपले कर्तव्य
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, वधूवर-सूचक समितीचा अहवाल आणि जमाखर्चाचे वाचन हे आपल्या संमेलनाचे नेहमीचे विषय. त्यांत एका निराळ्या विषयाची भर घालण्याची संधी मंडळाने आम्हांस दिली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. सोलापुरात निराधार मुलांसाठी दिवसपालन केंद्र चालते. गेली ४ वर्षे आम्ही आठवड्यातून दोन दिवस तेथे सेवेसाठी जात आहोत. त्या अनुभवातून जे उमगले ते सांगून शेवटी आपणांपुढे एक मागणी ठेवणार आहोत.

अनाथाश्रम असताना दिवसपालन केंद्र कशासाठी, असा प्रश्न प्रथम मनात येतो. आईबाप गेले म्हणजे मूल जगात अगदी एकटे उरते, असे नाही. बालन्याय अधिनियम, २०१५ यानेही ज्याचे पालक सांभाळ करण्यास असमर्थ आहेत, अशा बालकास अनाथांत गणले आहे. आमच्या केंद्रातील बहुतेक मुलांना आजी आहे. कोणाला मावशी, कोणाला चुलता. २०२० व २०२१ सालच्या साथीत काहींची घरे उद्ध्वस्त झाली. आजी सकाळपासून मांडीवर सूप घेऊन विड्या वळीत बसते. घर म्हणजे एकच खोली. तीत तंबाखूची धूळ, तेंदूची पाने आणि जवळच बसलेले नातवंड. विडीचे तोंड दुमडण्यास लहान बोटे सोयीची पडतात. आज गंमत म्हणून हात लावणारे मूल वर्षभरात आजीच्या रोजीचा आधार बनते आणि शाळा सुटते. त्या मुलास आश्रमात धाडावे, तर रक्ताचा उरलेला एकमेव धागा तुटतो. घरी ठेवावे, तर बालपण जाते. दिवसपालन केंद्र हा यामधला मार्ग होय. सकाळी आजीने मूल सोडावे, सायंकाळी न्यावे, आणि रात्री त्याने तिच्याच कुशीत निजावे.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. महात्मा फुले व सावित्रीबाई यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. पंढरपुरास १८७५ मध्ये प्रार्थना समाजाचा बालकाश्रम निघाला. पुण्यात १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह स्थापन झाले. पुढे ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डी व नंतर कोसबाड येथे, अनुताई वाघ यांच्या साथीने, शाळेनेच मुलाच्या अंगणात जावे हा प्रयोग केला. १९६९ साली मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामाच्या जागीच मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर उघडले. अंगणवाडीची सरकारी योजना १९७५ सालची. या क्रमाकडे नीट पाहिले, तर एक गोष्ट दिसते. आरंभी समाजाने मुलास आसरा दिला, मग विद्या दिली, आणि शेवटी समाज स्वतः मुलाच्या दारी गेला. आमचे केंद्र याच वाटेवरचे एक लहानसे पाऊल आहे.

तेथे स्वयंसेवकाने करावयाचे काम मुळीच भव्य नाही. हातपाय धुवून घेणे, नखे कापणे, केस विंचरणे, दुपारी वरणभात किंवा शेंगाचटणी-भाकरी वाढणे, लहानांना निजविणे, शाळेतून परतलेल्यांचा अभ्यास घेणे. कित्येक मुले घरी तेलुगु बोलतात आणि शाळेत मराठी ऐकतात. गुरुजींच्या प्रश्नाला उत्तर न देणारे मूल मंद नसते. पुष्कळदा त्याला प्रश्नच कळलेला नसतो. हे वर्गातल्या साठ मुलांत ध्यानी येत नाही, पाच मुलांत येते.

याहून मोठे काम कागदपत्रांचे. बालसंगोपन योजनेतून अशा मुलास दरमहा अर्थसाह्य मिळू शकते. पण त्यासाठी आईबापांच्या मृत्यूचे दाखले हवेत, मुलाचा जन्मदाखला हवा, बँकेचे खाते हवे. आजीला अक्षरओळख नाही, आणि कचेरीत खेटे घालावे तर त्या दिवसाची रोजी बुडते. २०१८ साली राज्याने अनाथांसाठी नोकरीत व शिक्षणात एक टक्का आरक्षण ठेवले. त्याचा लाभही प्रमाणपत्रावाचून नाही. आपल्या ज्ञातीत वकील आहेत, डॉक्टर आहेत, महापालिकेत आयुष्य घालवून निवृत्त झालेले कारकून आहेत. त्यांचा एक तास त्या आजीच्या एका महिन्याच्या धावपळीएवढा आहे.

समाजात दानत नाही, असे आम्ही म्हणणार नाही. पितृपक्षात केंद्रात इतकी मिष्टान्ने येतात की मुलांची पोटे बिघडतात. वैशाखात मात्र डाळ-तांदळाची चणचण असते. वाढदिवसाला केक येतो, टाळ्या होतात, छायाचित्रे निघतात, आणि पाहुणे पुन्हा दिसत नाहीत. ज्याची माणसे एकदा निघून गेली, ते मूल जाणाऱ्याची मोजदाद ठेवते. निघताना ते विचारते, ‘आजोबा, पुन्हा कधी येणार?’ त्याला खाऊ नको असतो, वार हवा असतो. मंगळवारी येतो म्हटले, तर मंगळवारी यावे. पहिले दोन महिने एक मुलगा आमच्याजवळ बसत नसे. आम्ही ठरल्या दिवशी येतोच, हे ताडून पाहिल्यावर त्याने आपण होऊन पाटी पुढे केली. अनियमित सेवेपेक्षा सेवा न करणे बरे, हे आमचे मत कठोर वाटेल. पण ते त्या मुलांनीच आम्हांस शिकविले आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. हा विषय आम्ही बैठकीत काढला, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, “त्यांत आपली मुले किती?” त्यांचा हेतू वाईट नव्हता. मंडळाचा पैसा ज्ञातीच्या पैनपैशातून जमला आहे, त्याची राखण करणे त्यांचे कर्तव्यच. म्हणून या प्रश्नाला टाळाटाळीचे उत्तर देणार नाही. आपली मुले किती, हे आम्ही विचारलेले नाही आणि विचारणारही नाही. जोतीराव व सावित्रीबाईंनी १८७४ साली एका ब्राह्मण विधवेचे मूल दत्तक घेतले. स्वतः माळी कुळातले ते दांपत्य. त्यांच्या पदरी हे मूल आले, तेव्हा त्यांनी त्याची जात पाहिली नाही. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला. प्लेगच्या साथीत त्याच्या दवाखान्यात रुग्णसेवा करीत असताना सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. आई कोणाची आणि मूल कोणाचे, याचे याहून स्पष्ट उत्तर आम्हांस ठाऊक नाही. शिवाय आपल्यापैकी किती जण परक्याच्या वसतिगृहात राहून, परक्याच्या पुस्तकांवर शिकले, हेही प्रत्येकाने मनाशी आठवून पाहावे. ज्ञाती ही माणसाला माणूस जोडण्याची पहिली पायरी असेल, तर ती चढून पुढे जाण्यासाठी आहे. तिच्यावरच बसून राहण्यासाठी नव्हे.

तथापि शिष्यवृत्ती-निधीतील एक रुपयाही आम्ही मागत नाही. आमची मागणी वेळेची आहे. केंद्र आठवड्यातून सहा दिवस चालते. रोज दोन माणसे हवीत. म्हणजे बारा सभासदांनी प्रत्येकी अर्धा दिवस, निदान एक वर्षभर द्यावा. त्यास काही नियम आहेत. पोलिसांकडून चारित्र्य-पडताळणी करून घ्यावी लागेल. तीत कमीपणा मानू नये, ती मुलांच्या रक्षणासाठी आहे. मुलांची छायाचित्रे काढून प्रसिद्ध करू नयेत. त्यांची ओळख उघड करण्यास कायद्यानेही मनाई आहे. मुलास एकटे घरी नेऊ नये. पाळता येणार नाही असे वचन देऊ नये. येणे जमणार नसेल, तर आदल्या दिवशी कळवावे.

कार्यालयाच्या दाराशी एक वही ठेविली आहे. तीत देणगीचा रकाना नाही; नाव आणि वार एवढेच लिहावयाचे आहे. मंगळवार व शुक्रवार या दिवशी एकेक नाव आमचे आहे. बाकीच्या दहा जागा आपल्या आहेत.