अवकलन, समाकलन आणि आरंभाचा स्थिरांक



मी भाषेचा अध्यापक, म्हणून शब्दांपासून आरंभ करतो. अवकलन आणि समाकलन या दोन्ही संज्ञांत ‘कलन’, म्हणजे गणना, समान आहे. भिन्न आहेत ते उपसर्ग. त्या दोहोंचे नाते परिभाषेनेच सुचविले आहे.

एखादी वस्तू १ सेकंदात १ मीटर, २ सेकंदांत ४, ३ सेकंदांत ९ मीटर, म्हणजे काळाच्या वर्गाइतके अंतर जाते असे समजा. तिचा त्या त्या क्षणीचा वेग काढणे हे अवकलन. तिसऱ्या सेकंदाअखेर तो सेकंदाला ६ मीटर येतो. आता उलट चला. वेगाचा आलेख काढला, की ३ पायाचा आणि ६ उंचीचा त्रिकोण मिळतो. त्याचे क्षेत्रफळ ९. तेच कापलेले अंतर. हे समाकलन. भास्कराचार्यांनी ११५० मध्येच ग्रहांच्या तात्कालिक गतीचा विचार केला होता. परंतु या दोन क्रिया परस्परांच्या व्यस्त आहेत, या तत्त्वावर सर्वसाधारण पद्धती उभारली ती सतराव्या शतकात न्यूटन आणि लायब्निट्स यांनी.

मात्र परतीच्या वाटेवर एक गोष्ट हाती येत नाही. वस्तू शून्यापासून निघो वा पाचव्या मीटरपासून, वेग तोच राहतो. म्हणून समाकलनाच्या उत्तरात एक स्थिरांक मिळवावा लागतो. विद्यार्थी तो विसरतात, गुण गमावतात. बदलाचा संपूर्ण हिशेब हाती असला, तरी आरंभ कोठून झाला हे त्यातून कळत नाही. ते जाणत्याला विचारूनच घ्यावे लागते. स्मृतिव्याख्यानांचे प्रयोजन मला हेच वाटते.