शस्त्राचे बळ सांध्यात असते

(हिर्डोशी, ता. भोर येथे दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



आपण ज्या हिरडस मावळात बसलो आहोत, त्या मावळातील बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांचे मावळे १६६० साली घोडखिंडीत लढले. शिवराय विशाळगडावर पोहोचताच तोफांचे बार होतील, असा संकेत ठरला होता, असे परंपरा सांगते. त्या बारांचा अर्थ गडावर आणि खिंडीत एकच होता. शस्त्रे बदलली, तरी एकाची माहिती दुसऱ्यापर्यंत त्याच अर्थाने पोहोचण्याची गरज आजही तीच आहे.

आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण घेऊ. 'पिनाक' ही अग्निबाण प्रणाली पुण्यातील 'एआरडीई' या संरक्षण प्रयोगशाळेच्या पुढाकाराने साकारली. १९९९च्या कारगिल युद्धात तिचा वापर झाला. सहा प्रक्षेपकांची एक बॅटरी ४४ सेकंदांत ७२ अग्निबाण सोडते. पण हे एका कारखान्याचे काम नव्हे. इंधनावर पुण्यातीलच 'एचईएमआरएल'ने काम केले; प्रक्षेपक टाटा पॉवर आणि लार्सन अँड टुब्रो यांनी बांधले; पुढे आलेल्या मार्गदर्शित पिनाकाची दिशादर्शक यंत्रणा हैदराबादच्या प्रयोगशाळेची.

आता पाहा, रसायनतज्ज्ञाने इंधनात थोडा बदल केला, तर अग्निबाणाचे वजन आणि गुरुत्वमध्य बदलतात. त्यामुळे पल्ल्याचे कोष्टक बदलते, प्रक्षेपकावरचा ताण बदलतो आणि नेम साधणाऱ्या संगणकातील आकडेही बदलावे लागतात. हा बदल एका टेबलावरच अडकला, तर प्रत्येक भाग निर्दोष असूनही नेम चुकेल. आपणां शेतकऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. खरेदीखत झाले, पण फेरफार मंजूर होऊन सातबारावर नोंद चढली नाही, तर पुढे काय होते, हे आपण जाणताच. शस्त्रनिर्मितीलाही असाच एक सातबारा लागतो. मूळ नोंद एक, प्रत्येक फेरफार तारखेसह, आणि तो सर्वांना दिसणारा. आरेखन, गणित आणि चाचणी यांची संगणकीय साधने वेगवेगळी असोत. ती वाचतील ती नोंद एकच असली पाहिजे.

प्रगत राष्ट्रेही येथे ठेचकाळली आहेत. 'एअरबस ए-३८०' या विमानाच्या बांधणीत हॅम्बुर्ग आणि तुलूझ येथील अभियंते एकाच आरेखन-प्रणालीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरत होते. तारांचे जुडगे विमानात नीट बसेनात. २००६ साली वेळापत्रक कोलमडले. तेथे पैसा आणि वेळ गेला. रणांगणावर मात्र माणसे जातात. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे अमेरिकेच्या पॅट्रियट यंत्रणेचे घड्याळ शंभर तास सलग चालल्याने सेकंदाच्या एक तृतीयांशाने चुकले. येणारे क्षेपणास्त्र तिला गवसले नाही आणि २८ सैनिक मृत्युमुखी पडले. हा दोष आधीच इस्रायलींनी कळवला होता. फार वेळ यंत्र सलग चालवू नये, अशी सूचनाही तळांना गेली. पण 'फार वेळ' म्हणजे किती तास, हे तीत नव्हते. सुधारित आज्ञावली धाहरानला पोहोचली ती दुसऱ्या दिवशी!

माहिती होती, ती योग्य रूपात, योग्य हाती, योग्य वेळी नव्हती. म्हणून स्वदेशी शस्त्र म्हणजे केवळ स्वदेशी पोलाद नव्हे. त्याची मूळ नोंदही आपल्या ताब्यात आणि आपल्याला उलगडता येईल अशी हवी. ती परक्या कंपनीच्याच साधनात उघडत असेल, तर वीस वर्षांनी दुरुस्तीसाठी आपण कोणाच्या दारात उभे राहणार?

आपल्या गावातील जी मुले अभियांत्रिकीला जातील, त्यांना एवढेच सांगावेसे वाटते. नवे यंत्र घडवणे हा मान आहेच. पण दोन यंत्रांमधील सांधा चोख राखणे हीही तितकीच मोठी राष्ट्रसेवा आहे. तिचा गाजावाजा होत नाही. सीमेवर उभ्या असलेल्या मावळच्या जवानाचे प्राण मात्र तिच्यावरच अवलंबून असतात.