संसदेच्या समितीपुढे आपला पाडा

(वार्षिक सहविचार सभेतील भाषण)



आपण वसतिगृहाला मदत करता, फिरत्या दवाखान्याला देणगी देता. मग आज संसदेच्या समित्यांचा विषय कशाला, असे कुणाला वाटले असेल. पण ज्या मुलाचा वसतिगृहाचा खर्च आपण उचलतो, त्याच्या बापाच्या नावावर जमीन लागणार की नाही, हे ज्या नियमांवर ठरते, त्यांची छाननी या समित्यांत होते. म्हणून त्यांचे काम कसे आखले जाते, ते आधी समजून घेऊ.

संसदेच्या विभागसंबंधित स्थायी समित्या १९९३ पासून आहेत. आज त्या २४ आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य असतात, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. मुदत एक वर्षाची. अलीकडे साधारण सप्टेंबरअखेर नवी समिती येते आणि सुरुवातीच्या बैठकांत वर्षभराचे विषय निवडते. फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्थसंकल्पातल्या अनुदानाच्या मागण्या तपासायच्या असतात. मध्येच एखादे विधेयक आले तर तेही पाहायचे. उरलेल्या दिवसांत निवडलेल्या विषयांवर सचिवांना बोलावणे, दौरे, साक्षी आणि अहवाल. वेळ थोडा असतो. जो विषय यादीत आला नाही, त्यावर सहसा त्या वर्षी कुणी सचिवाला प्रश्न विचारत नाही.

आता एका पाड्यावरचे एक कुटुंब डोळ्यांपुढे आणा. तीन पिढ्या ते वनजमीन कसत आहे. झाड, रान आणि वनखाते हा विषय पर्यावरण व वने पाहणाऱ्या समितीकडे. पाड्याचा रस्ता, पंचायत, मजुरीचे काम हे ग्रामविकास समितीकडे. वनहक्काचा दावा आदिवासी कार्य मंत्रालयाच्या कायद्याखाली येतो, आणि ते मंत्रालय सामाजिक न्यायाच्या समितीच्या कक्षेत. कुटुंब एक, चूल एक, पण त्याचा प्रश्न तीन दारांत वाटला गेला. दावा मंजूर झाला आणि वनखात्याने नांगर अडवला, तर हा प्रश्न कोणत्या समितीने यादीत घ्यायचा? प्रत्येकीला तो दुसरीचा वाटू शकतो. असा प्रश्न मधल्या मध्ये राहतो, त्याला कुणाचा वाईट हेतूच लागतो असे नाही.

तरीही समितीपुढे बोलल्याने फरक पडतो, हे आपण पाहिले आहे. वनहक्काचे विधेयक १३ डिसेंबर २००५ रोजी लोकसभेत मांडले गेले, तेव्हा त्यात २५ ऑक्टोबर १९८० ही तारीख होती. त्यानंतर जमीन कसायला लागलेला माणूस बाहेर. शिवाय ते केवळ अनुसूचित जमातींपुरते होते आणि मर्यादा अडीच हेक्टरची होती. विधेयक संयुक्त समितीकडे गेले. व्ही. किशोरचंद्र देव तिचे अध्यक्ष होते. देशभरातून संघटना आणि जंगलात राहणारी माणसे आपले म्हणणे घेऊन पुढे आली. समितीच्या अहवालानंतर कायदा झाला, तेव्हा तारीख १३ डिसेंबर २००५ झाली, इतर पारंपरिक वननिवासीही आत आले आणि मर्यादा चार हेक्टर झाली. समितीचे सगळेच सरकारने मानले नाही. पण २५ वर्षांतली शेती त्या एका तारखेने हिशेबात आली. याच कायद्याने २००९ मध्ये गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२३ मध्ये वनसंवर्धन कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक स्थायी समितीकडे न जाता संयुक्त समितीकडे गेले. अनेकांनी हरकती पाठवल्या. समितीने विधेयकात बदल सुचवला नाही आणि ऑगस्टमध्ये ते संसदेत संमत झाले. तेव्हा निवेदन दिले की काम झाले, असे समजू नका. मात्र काही सदस्यांनी असहमतीची टिपणे जोडली आणि ती अहवालाबरोबर छापली गेली. पुढे कुणी तो अहवाल उघडेल, तेव्हा त्याला दुसरे म्हणणेही वाचायला मिळेल.

पवित्र शास्त्रात, गणनेच्या २७व्या अध्यायात, सलाफहादाच्या पाच मुली आहेत. बाप वारला, भाऊ नाही, म्हणून जमिनीत वाटा नाही. त्या घरात रडत बसल्या नाहीत. मोशे, याजक, सरदार आणि सगळी मंडळी जमली होती, तिथे उभ्या राहून त्यांनी थोडक्यात आपली बाजू मांडली. त्यांचे म्हणणे रास्त ठरले आणि नियम सर्वांसाठी बदलला.

आपल्या पाड्यांवरच्या लोकांना बोलता येते. अडते ते कागदाशी. समिती सूचना मागवते, तेव्हा वर्तमानपत्रात जाहिरात येते आणि मुदत बहुधा १५ दिवसांची असते. निवेदन इंग्रजीत किंवा हिंदीत द्यावे लागते. पावरी किंवा भिल्ली बोलणारी आजी १५ दिवसांत ते कसे करणार?

इथे आपल्या मंडळ्या उपयोगी पडू शकतात. तरुण संघातील दोघांनी वर्षभर या समित्यांच्या जाहिराती आणि विषयांच्या याद्या पाहाव्यात. प्रत्येक पाड्याची वही आतापासून ठेवावी: दावा कधी केला, कोणत्या पातळीवर अडला, फेटाळल्याचे पत्र मिळाले का, मोजणी झाली का. ग्रामसभेचा ठराव जोडावा, कारण बोलणे ग्रामसभेचे असले पाहिजे, आपले नव्हे. आपण फक्त भाषांतर करायचे. निवेदनात आपल्याला प्रत्यक्ष साक्ष द्यायची आहे, हे स्पष्ट लिहावे. आणि पाठवलेले निवेदन समितीचा कागद होतो, तो गोपनीय असतो. समितीचा अहवाल येण्यापूर्वी तो छापू नये, फिरवू नये.

अहवालानंतरही लक्ष ठेवावे. शिफारशींवर काय केले, याचे उत्तर मंत्रालयाने तीन महिन्यांत द्यायचे असते. शिफारस सरकारवर बंधनकारक नाही, पण दिलेले उत्तर आपल्या खासदारांपुढे ठेवून पुढचा प्रश्न विचारता येतो.

देणगी देताना आपण आजवर हात आखडता घेतला नाही. यंदा त्याबरोबर थोडा वेळ द्या, आणि ज्यांना इंग्रजी-हिंदी लिहिता येते त्यांनी आपले नाव आज सभेनंतर सचिवांकडे नोंदवावे. वह्यांचे काम पावसाळ्यापूर्वी सुरू करू, म्हणजे सप्टेंबरात नवी समिती बसेल तेव्हा आपले कागद तयार असतील.